न नेलेला शर्ट

आमच्या घराण्यात स्थावर मालमत्ता म्हणावी अशी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे मावशीचा राग. बाकीचं सगळं वाटण्यांत गेलं.

मावशीचं इस्त्रीचं दुकान बस स्थानकाच्या मागच्या गल्लीत. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे व्हावं, एवढीच रुंदी. आत एक लांब टेबल, त्यावर चौपदरी घातलेली जुनी चादर, विजेची जड इस्त्री, आणि समोरच्या भिंतीवर, बरोबर तिच्या नजरेच्या उंचीवर, एका दाढीवाल्याचं पोस्टर.

ह्या दाढीवाल्याच्या टोळीने बस स्थानकात बॉम्ब ठेवला होता. मावशीचे यजमान, आमचे काका, कंडक्टर. गाडी सुटायची म्हणून पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात. हॉस्पिटलातून त्यांचा गणवेशाचा शर्ट परत आला तो छातीशी जळालेला. कॉलर मात्र तशीच कडक. सकाळी मावशीनेच इस्त्री केली होती.

पुढे सरकारने कायदा केला, की असल्या म्होरक्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस. पोलिसांनी गल्लीभर पोस्टरं चिकटवली. काही पावसाने गेली, काहींना पोरांनी शिंगं काढली. मावशीने मात्र आपलं पोस्टर प्लॅस्टिकमध्ये घालून जपलं. रोज शटर वर केलं की पहिलं वाक्य त्यालाच, "अजून जिवंत आहेस का रे मेल्या?" मग इस्त्रीचं बटण. जुन्या गिऱ्हाइकांना सवय होती. नवीन माणूस मात्र दचकायचा, त्याला वाटायचं आपल्यालाच विचारलं.

मग कायद्यात दुरुस्ती झाली आणि बक्षीस एकदम तिप्पट झालं. बातमी मीच वाचून दाखवली. मावशी पँटची घडी घालता घालता थांबली.

"ह्याच्या डोक्याला एवढे? आणि तुझ्या काकांचे किती दिले होते रे?"

"ती नुकसानभरपाई, मावशी. हे बक्षीस. खाती वेगळी असतात."

"खाती वेगळी. मारणारा एकच ना?"

माझं शिक्षण इथे नेहमी संपतं.

एक हवालदार येऊन पोस्टरवरच्या जुन्या आकड्यावर नव्या आकड्याची पट्टी डकवून गेला. त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं. नव्या इमारतीतला भाडेकरू, गुळगुळीत दाढी, चष्मा, बोलणं लोण्यासारखं. आजवर त्याचे कपडे वॉचमन आणायचा. त्या दिवशी वॉचमन आजारी, म्हणून हा स्वतः पांढरा शर्ट घेऊन आला. मी स्टुलावर पेपर वाचत होतो, मला काहीच जाणवलं नाही. तो गेल्यावर मावशी म्हणाली, "शटर ओढ."

"का? काय झालं?"

"पोस्टर बघताना माणूस आधी तोंड बघतो, मग आकडा बघतो, आणि मग उसासा टाकतो. ह्याने तोंडाकडे बघितलंच नाही. पट्टी बघितली आणि हसला. पगारवाढ झाल्यासारखा."

"एवढ्यावरून?"

"आणि डाव्या कानाची पाळी तुटलेली आहे. रोज बघते मी तो कान. काकांचा चेहरा आठवायला आता डोळे मिटावे लागतात, ह्याच्यासाठी मिटावे लागत नाहीत."

आम्ही पोलीस साहेबांकडे गेलो. साहेबांनी फाइलमधून कानाचा जुना फोटो काढला, वॉचमनला बोलावून चार प्रश्न विचारले आणि दार आतून लावून घेतलं. मग मावशीला खुर्ची दिली. "शर्ट न्यायला येईल तेव्हा दुकानातच धरू. घरात हत्यारं असतील. तुम्ही फक्त थोडा वेळ उभा करून ठेवा. आणि घाबरू नका, कायद्यात आहे, तुमचं नाव कुणालाही कळणार नाही."

"त्यालासुद्धा?"

"त्याला तर मुळीच नाही."

"मग काय उपयोग?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

"मावशी," साहेब समजुतीने म्हणाले, "खबर देणाऱ्याने स्वतःच ओळख उघड केली तर बक्षिसावर पाणी. तसं कलमच आहे."

मावशी काही बोलली नाही. ती गप्प बसते तेव्हा आमच्या घरात भांडी आवरून ठेवतात.

ठरल्या दिवशी तो आला. गल्लीच्या तोंडाशी साध्या कपड्यांतले दोघे चहा पीत होते, एक फळवाला उगाच फळं पुसत होता. मावशी म्हणाली, "बसा, एक बाही राहिलीय." तो बसला. तिने शर्ट पसरला, इस्त्री उचलली आणि बरोबर छातीवर ठेवली. ठेवली ती ठेवलीच.

आधी वास आला, मग धूर.

"अहो, जळतंय!"

"माहितीये."

"अहो मावशी, शर्ट!"

"माझ्या नवऱ्याचाही इथेच जळाला होता," मावशी शांतपणे म्हणाली. "बस स्थानकात. कंडक्टर होते."

त्याने आधी पोस्टरकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात फळवाला उभा होता आणि त्याच्या हातात फळ नव्हतं.

बेड्या घालून नेताना मावशी पायरीपर्यंत गेली. "नीट बघून ठेव चेहरा. तू माझ्या भिंतीवर होतास, आता मी तुझ्या."

आठवड्याने साहेब दुकानात आले. गरम होतं तरी टोपी काढली नाही, म्हणजे काम सरकारी. "तो म्हणतोय बाईने मुद्दाम शर्ट जाळला आणि सगळं बोलून दाखवलं. त्याच्या म्हणण्याला कोण विचारतो? तुम्ही एवढंच सांगा, हात थरथरला, शर्ट चुकून जळाला. बक्षीस तुमचं."

मी मागून मान हलवत होतो. हो म्हण, मावशी, हो म्हण. दुकानाचं छत गळत होतं.

"चुकून?" मावशीने इस्त्री उभी केली. "साहेब, ह्या टेबलावर आजवर एक रुमाल जळालेला नाही. चुकून जळाला असं मी सांगू? त्याला काय वाटेल, की बाईचा हात थरथरला?"

साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला आणि गेले.

छत अजून गळतं. बादली ठेवतो. पोस्टर मावशीने उतरवलं, आणि त्याच खिळ्यावर हँगरला तो पांढरा शर्ट लावला, कडक कॉलरचा, छातीवर इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग. नवीन गिऱ्हाइकं विचारतात, "हा कुणाचा हो?"

"आहे एका गिऱ्हाइकाचा," मावशी म्हणते. "न्यायला ये म्हणावं."