झाडाच्या डॉक्टरकीची परीक्षा

आमच्या यवतमाळात फांद्या छाटणारे चार जण चहाले बसले का किस्से आपोआप साचतात. सांगावे तर लोक म्हणतात, फेकून राह्यला. नाही सांगावे तर पोटात दुखते. म्हणून सांगतो, पटलं तर घ्या!

मी आन् विनोद राठोड झाडाच्या निगेच्या अॅडव्हान्स सर्टिफिकेटचा अभ्यास करत होतो. म्हंजे झाडाची डॉक्टरकीच समजा. विनोद फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा. मागच्या खेपेले नापास झालता. यंदाही नाही जमलं तर मेव्हण्यासंगं पुण्याले वॉचमनकी करा लागन, असं घरात ठरलतं. त्याच्या लय जिवावर आलतं ते.

* * *

बाभुळगावले एका चिंचेवर सराव होता. लाकडी हातोड्यानं खोड ठोकाचं आन् आवाजावरून आतून पोकळ का भरीव ते ओळखाचं. विनोद ठोकत होता, मी पलीकडून खोडाले कान लावून होतो. डोळे उघडून पाह्यतो तं विनोद हातोडा ठेवून पाणी प्यायले गेलता. आतून ठोकणं चालूच!

शिकवणाऱ्या मॅडमले म्हटलं, सुतार पक्षी असन. त्यायनं सारं खोड पाह्यलं. भोक कुठंच नव्हतं. आमी 'भरीव' लिहिलं आन् निघालो.

* * *

बोरी अरबचा कडुनिंब. चढाचा दोर वर न्यायले आधी बारीक दोरीले वजनाची थैली बांधून वरच्या बेचक्यातून फेकाची, ती पलीकडून खाली येते. आमची गेली आन् वरच राह्यली. ओढलं तं कोणी वरून धरल्यावाणी ताण! मंग एकदम सुटली. थैली आली तं तिले भलतीच गाठ मारलेली. तशी गाठ आमाले येतच नव्हती.

पुढच्या हप्त्यात मॅडमनं वर्गात नवी गाठ शिकवली. तीच होती.

* * *

मॅडम नागपूरच्या, असल्या गोष्टीयले हसणाऱ्या. दारव्हा रोडच्या एका वडाचा घेर मोजाले एकट्याच गेलत्या. टेपचं टोक खोडामागून सरकवलं, पलीकडून हाती आलं. त्या सवयीनं "थँक्यू" म्हणाल्या.

आता त्या वड एकट्यानं मोजत नाहीत. हसतही नाहीत.

* * *

मंग परीक्षा आली. झाड मोहाचं. विनोद दोरावर, मी खाली, परीक्षक बाजूले. आमचा नियम पक्का हाये. वरच्यानं "क्लिअर?" विचाराचं, खालच्यानं फांदीखाली कोणी नाही हे पाहून "क्लिअर!" म्हणाचं, मंगच आरी चालवाची. वेळ संपत आलती.

विनोदनं विचारलं, "क्लिअर?"

तेवढ्यात परीक्षक फोन पाहत पाहत फांदीखालीच येऊन उभे. मी त्यायले ओढाले धावलो. माहं तोंड बंद होतं, आईची आन! आन् माह्याच आवाजात उत्तर गेलं, "क्लिअर!"

परीक्षकाले बाजूले ओढलं. वर पाहाची हिंमत होईना.

फांदी नाही पडली. विनोद आरी बंद करून खाली उतरला. वेळ संपलती. पुणं पक्कं झालं म्हणून त्याचं तोंड उतरलं होतं. परीक्षकानं आपण कुठं उभे होतो ते पाह्यलं आन् गुपचूप पास लिहून टाकलं. मंग म्हणाले, उत्तर तर मीही ऐकलं, तू कापलं का नाहीस?

विनोदनं माह्याकडं बोट केलं.

"साहेब, आवाज याचाच होता. पण खालून नाही आला. माह्या वरच्या फांदीवरून आला."