बैलांसाठी भाजलेली बिस्किटं

आमच्या घरी कुत्र्यासाठी बिस्किटं भाजतात, ही बातमी माझ्या सासऱ्यांनी कॉलनीत अशी पसरवली, की ऐकणाऱ्याला वाटावं आम्ही चोरून दारूच गाळतो. सकाळी ते फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "आमच्या सूनबाई कुत्र्याले बिस्कुटं भाजून राह्यल्या. अन् मले दलिया." ऐकणारा हसायचा. मी आत पीठ मळता मळता दातओठ खायची.

आता यात माझा गुन्हा काय? मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जाताना तिचा लॅब्राडोर आमच्या गळ्यात मारून गेली. "थोडेच दिवस गं आई," म्हणाली. ते थोडे दिवस अजून संपायचे आहेत. त्याला पाकिटातल्या बिस्किटांनी खाज सुटली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, पाकीट बंद, घरीच काहीतरी करून घाला. डॉक्टरांना बोलायला काय जातं! पण मी नुकतीच नोकरीतून मोकळी झाले होते, आणि मुलीनं हौसेनं घेऊन दिलेला ओव्हन ओट्यावर टॉवेल पांघरून बसला होता. म्हटलं, चला, दोघांनाही काम मिळेल.

ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, उकडलेलं कोहळं, शेंगदाण्याचा कूट. मीठ नाही, साखर नाही, गूळ नाही. पोळी लाटून वाटीनं गोल कापायचे आणि मंद आचेवर पार कडक होईपर्यंत भाजायचे. पहिल्या घाण्यातलं बिस्कीट कुत्र्यानं अदबीनं तोंडात धरलं, अंगणात नेलं आणि जास्वंदीखाली पुरून टाकलं. दुसऱ्या घाण्यातलं खाल्लं. पुढे कॉलनीतल्या दोघीतिघी "आमच्या पिल्लासाठीही करा ना" म्हणत डबे घेऊन यायला लागल्या, आणि मी स्वतःला या विषयातली मोठी जाणकार समजू लागले. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, एकदा एक बिस्कीट चावून पाहिलं. "सुतकातलं जेवन हाय का हे?" म्हणाले आणि उरलेलं कुत्र्यापुढे टाकलं.

मुलगी गेली त्याच उन्हाळ्यात मामाजी आमच्याकडे यवतमाळला राहायला आले होते. गुडघे गेले, साखर वाढली, शेत ठोक्यानं, म्हणजे खंडानं दिलं आणि शेवटी बैलजोडीही विकली. बाभुळगावच्या अलीकडे एक खेडं आहे, तिथल्या ओळखीच्या शेतकऱ्याला. विकली त्या दिवशी ते व्यवस्थित जेवले, टीव्हीवर बातम्या पाहिल्या आणि झोपले. त्यानंतर कुणी बैलांचा विषय काढला की म्हणायचे, "जनावर हाय ते. चारा दिसला का मालक विसरते." आणि उठून जायचे.

त्यांची साखर सांभाळायचं खातं माझ्याकडे होतं. दुपारी आमचा डोळा लागला की मामाजी गूळ खायचे, आणि विचारलं की कुत्र्याकडे बोट दाखवायचे. शेवटी मी गुळाचा डबा कपाटात घातला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. जुन्या काळच्या सासवांसारखी. फरक एवढाच की कुलपाबाहेर सासरा होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मामाजी दुपारी जे गायब झाले ते दिवेलागणीपर्यंत पत्ता नाही. आमचे हे नागपूरला गेलेले. घरात काही पेच पडला की हे नेमके नागपूरला असतात. मी गल्लीतल्या चार घरी विचारून आले, देवळात पाहून आले. तेवढ्यात मामाजी चौकाकडून काठी टेकत, मजेत येताना दिसले.

"कुठं गेलते मामाजी?"

"आवतन देऊन आलो."

मी कपाळावर हात मारला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि त्यांना रीतसर सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. हयातभर हे आमंत्रण मामाजींनीच दिलेलं. यंदा बैल दुसऱ्याचे झाले, म्हणून आमंत्रण थोडंच चुकणार! काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मामाजी त्या खेड्यात गेले. तर बैल नाल्यावर धुवायला नेलेले. परतीची गाडी चुकेल म्हणून यांनी रिकाम्या गोठ्यात उभं राहून, दावणीलाच आवतण दिलं आणि परत आले.

"अन् उद्या ते जेवायला येतील कुठं?" मी म्हटलं. "आपल्या फाटकाला बांधू, का गच्चीवर चढवू?"

"ते येऊ नाही शकत त आपन जाऊ. आवतन देल्लं हाय. ते जेवल्याबिगर मी जेवत नसतो."

इथे माझं हसू पळालं. पोळ्याला बैल जेवेपर्यंत मालकानं उपास धरायचा, ही त्यांच्या घरची रीत. पण पूर्वी साखरेच्या गोळ्या नव्हत्या. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलेलं, यांना उपाशी ठेवू नका, भोवळ येऊन पडतील. मी समजावलं, भांडले, मुलीला फोन लावून दिला. हे ढिम्म. ताटावर बसताना मात्र हळूच म्हणाले, "ओळख देतीन का बरं ते?"

"देतील ना," म्हटलं.

शेतकऱ्याला फोन केला. माणूस मोकळा होता. "या ना बाई, घेऊन या बावाजीले. पन पुरनपोळी नका आनू. मागच्या साली माह्या बैलाचं पोट फुगलं, जीव जाता जाता वाचला. या साली बैलाले नैवेद्यापुरतीच देऊन राह्यलो."

मी फोन ठेवला. आता निमंत्रण देऊन पाहुण्याला खाऊ काय घालायचं? मामाजींनी बराच वेळ दाढी खाजवली. मग ओव्हनकडे न बघता म्हणाले, "तुह्या त्या कुत्र्यासारखं काही नाही होत का?"

अहाहा! हे वाक्य मी लिहून घेऊन भिंतीवर टांगायला हवं होतं.

पोळ्याच्या सकाळी मी बैलांसाठी बिस्किटं भाजली. जाडसर ज्वारीचं पीठ, गव्हाचा कोंडा, तुरीची चुनी आणि मूठभर जवस. गूळ नाही, पोट फुगल्याचं ऐकून मी आणखी कडक झाले होते. आकार बशीएवढा, कारण पाहुणे मोठे. कुत्रा ओव्हनसमोर सकाळपासून आशेनं बसून होता. घाण्यामागून घाणा डब्यात जाताना पाहून त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की माझीच मला लाज वाटली.

निघायच्या थोडं आधी मामाजी स्वयंपाकघराच्या दारात आले. "सूनबाई, जरासा गूळ दे बरं."

"उपास ना तुमचा?" मी फाडकन म्हटलं. "मग गूळ कायले पाह्यजे?"

ते क्षणभर उभे राहिले. "राहू दे," म्हणाले आणि चपला घालायला गेले. मला वाटलं, चोरी पकडली. मी कपाट उघडलं आणि गुळाचा एक खडा मात्र रुमालात बांधून पर्समध्ये टाकला. यांना वाटेत भोवळ आली तर तोंडात घालायला.

ऑटोनं पोचलो तेव्हा पोळा नुकताच फुटला होता आणि बैल गावच्या तोरणाखालून घरोघर परतत होते. आमचे ते दोघं, आमचे कसले, त्यांचे ते दोघं, अंगणात उभे होते. अंगावर झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. शेतकऱ्याच्या बायकोनं त्यांचे पाय धुतले, ओवाळलं आणि मामाजींना म्हणाली, "या बाबा, चारा आता तुमच्या हातानं."

मामाजींनी टोपी सारखी केली. मी डबा उघडला. त्यांनी एक बिस्कीट उजव्या तळहातावर ठेवलं, थोरल्या बैलापुढे गेले आणि म्हणाले, "घे रे राजा."

बैलानं हुंगलं. फुस्स केलं. मान फिरवली.

मामाजी दुसऱ्याकडे गेले. त्यानं तर हुंगायचेही कष्ट घेतले नाहीत.

अंगणात शेजारपाजारची माणसं जमली होती. "टोपल्यात ठेवा बाबा, खातीन मंग," शेतकऱ्याची बायको म्हणाली. बिचारीला वाईट वाटलं होतं. मामाजींनी मान हलवली आणि पुन्हा थोरल्यापुढे हात धरला. पुन्हा तेच. "ओळख नाही देऊन राह्यला," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. मला इतकं वाईट वाटलं, की ती बिस्किटं नाल्यात फेकून द्यावीत.

मग माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. हात थरथरत होता. कपाळावर घाम. सकाळची गोळी त्यांनी सवयीनं घेतली होती आणि पोटात दिवसभर पाण्याशिवाय काही नव्हतं. मी पर्समधून गूळ काढला. "हे आधी तोंडात टाका."

"ते जेवल्याबिगर नाही."

"मामाजी, तुम्ही पडसान इथं! मी काय तोंड दाखवू घरी?"

"नाही म्हनलं ना."

मग मात्र माझा पारा चढला. सासऱ्यावर चिडता येत नाही म्हणून मी बैलावर चिडले. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, बैलाच्या चार हात जवळ कधी गेले नव्हते. तो गुळाचा खडा तळहातावर ठेवला, वर बिस्कीट झाकलं आणि हात थेट त्याच्या तोंडाशी नेला. "खा म्हणते ना! तिकडे माणूस उपाशी मरून राह्यला, अन् तुला भाव खायचा आहे?"

त्यानं खाल्लं. गूळ, बिस्कीट, माझ्या बांगड्याही गेल्या असत्या. घासणीसारखी खरखरीत जीभ तळहातावरून फिरली आणि कडाकडा चावल्याचा आवाज आला. लोक हसले. गुळानं चिकट राहिलेल्या हातावर मी दुसरं बिस्कीट ठेवलं, ते धाकट्यानं संपवलं.

"जेवले," मामाजी म्हणाले. बाजेवर बसले आणि शेतकऱ्याच्या घरची पुरणपोळी तूप ओतून खाल्ली. मग आणखी एक घेतली. मी साखरेचं नावही काढलं नाही.

परतताना ऑटोत बाहेर बघत ते म्हणाले, "तुह्या हातचं खाल्लं त्यायनं. माह्या हातचं नाही."

"जनावरं घरच्या माणसाला ओळखतात मामाजी," मी म्हटलं. खोटं बोलायला मला कधी जड गेलं नाही, पण ते जड गेलं.

"गूळ होता ना हातात?"

मी म्हटलं, "हो."

"मी बी तेच करो. दर साली. तळहातावर गूळ अन् वरून पोळी. तुह्या सासूलेबी मालूम नव्हतं. लोक म्हनत, पाहा, मालकाले कसा ओळखते!"

निघताना स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलेला हा माणूस मला आठवला. "मग मला सांगायचं ना! मी गूळ दिला नसता का?"

"सांगनारच होतो. पन तू नाही म्हनली, मंग मले वाटलं, चाला, एकडाव बिनगुळाचं पाहू."

मी पदरानं डोळे पुसले, ते त्यांनी पाहिलं आणि पुन्हा बाहेर बघू लागले.

घरी पोचलो तर कुत्रा फाटकाशी टपलेलाच होता. मला ओलांडून तो मामाजींकडे धावला आणि त्यांचा उजवा हात वरून खालून, बोटांच्या बेचक्यांतून चाटू लागला. मामाजी काठी टेकून उभेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्या उन्हाळ्यापासून न पाहिलेलं हसू होतं.

"पाह्य," ते म्हणाले, "याले गूळ लागत नाही."

त्यांच्या हाताला पुरणपोळीचं तूप होतं. मी फाटकाची कडी लावली आणि त्यांना म्हटलं, हात आता सकाळीच धुवा.