श्रावणी सोमवारी बकऱ्याचे डोळे

आमचं घर लिंगायत, अंड्याचं नावही न काढणारं. आणि माझं संशोधन चालतं बकऱ्याच्या डोळ्यांवर! बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला चीर पडली, तर टाके न घालता ती बुजवणारं जेल मी बनवते. थेंब टाकायचा, निळा प्रकाश मारायचा, की ते घट्ट होतं. पण ते टिकतं का, हे आधी खाटकाकडच्या डोळ्यावर बघावं लागतं.

माझ्या आईला आम्ही अव्वा म्हणतो. शिरोळच्या शेतात उसाचा पाला लागून तिच्या डाव्या डोळ्यात कधीचं पांढरं फूल पडलंय. माझं जेल तिच्यासाठीच, असं तिनं परस्पर ठरवून टाकलेलं. ते फक्त ताज्या जखमेसाठी आहे, हे सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. एरवी मी भांडायला कुणाला ऐकत नाही.

श्रावणात आमच्या खाटकाचा धंदा थंड. "सोमवारी एकच बकरं हाय ताई, सकाळी या," असं तो म्हणाला. नेमकं त्याच सकाळी मला जेल बनवायला प्रयोगशाळेत थांबणं भाग होतं. घरभर माझी चिडचिड ऐकून अव्वाच म्हणाली, "मी आणते की!" श्रावणी सोमवार, कपाळाला विभूती, आणि ही बाई मटणाच्या दुकानात! खाटीकच म्हणे दोन पावलं मागं सरला.

डबा घेऊन ती थेट माझ्याकडे आली आणि बसूनच राहिली. मी एका डोळ्याला चीर दिली, जेल लावलं, प्रकाश मारला आणि सुईनं आत पाणी भरू लागले. डोळा टम्म फुगला. आधीची सगळी जेलं इथंच सुटली होती. हे सुटलं नाही. मी चक्क उडी मारली.

"माझ्या डोळ्यात कवा घालायचं?" अव्वानं विचारलं.

आता सांगावंच लागलं. "अव्वा, जुनं फूल यानं जात न्हाय गं. पाला लागल्या लागल्या लावायचं औषध हाय हे. आणि त्यालाबी अजून काही वर्षं लागतील." बोलता बोलता मला रडू आलं. इतक्या आनंदाच्या दिवशी तिला हे ऐकवत होते.

तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "म्हंजे बाकीच्या बायकांचं डोळं तरी वाचतील म्हण की."

आणि तिनं डबा माझ्याकडं सरकवला. "रडत काय बसलीस? आत अजून एक डोळा हाय न्हवं!"