भोंगाताईंचा गळा

मोर्चात भोंगाताईंपुढे कोणी माईक धरला की त्या तो ढकलून द्यायच्या. "हे यंत्र कमजोर बायांले द्या," म्हणायच्या आणि पदर कमरेला खोचून अशी घोषणा ठोकायच्या की बंदोबस्तावरचे पोलीससुद्धा दचकून सरळ व्हायचे. उमरेडजवळच्या आमच्या गावात त्या अंगणवाडी सेविका आणि मी त्यांची मदतनीस. दर हिवाळ्यात अधिवेशन भरलं की आम्ही एसटीनं नागपूर गाठायचो. "सेविका म्हणता, मग कर्मचारी काहून म्हणत नाही?" हा त्यांचा सरकारला एकच सवाल.

त्या आवाजाला आम्लपित्ताची दृष्ट लागली. आडवं झालं की पोटातलं आंबट पाणी घशाशी यायचं. खाटेखाली उशाकडून विटा लावून झाल्या, ओवा झाला, थंड दूध झालं, गोळ्या तर कितीक वर्षं चालूच. तरी आवाज इतका बसला की ताई बडबडगीत म्हणू लागल्या की पोरं हसायची. यजमानांनी सुनावलं, "पुरे कर आता तुहे मोर्चे." ताई उसळल्या, "चहा सोडला, तर्री सोडली. आता बोलणं बी सोडू काय?"

नागपूरला प्रताप नगरातल्या एका डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. अन्ननलिका आणि जठर यांच्या मधली झडप सैल पडली होती. पोटावर चिरा न देता, तोंडावाटेच दुर्बीण घालायची, जठराचा वरचा भाग आतून दुमडून टाके घालायचे आणि झडप घट्ट करायची, असा उपाय त्यांनी सुचवला. आवाज परत येईलच, अशी हमी मात्र दिली नाही.

यजमान घाबरले. "गोळ्या चालू आहे ना? मंग काहून जीव धोक्यात घालून राहिली वं?"

"मले नुसती जळजळ थांबवाची नाही जी. मले माहा आवाज पाहिजे," ताई म्हणाल्या, आणि दवाखान्यात जाऊन सही करून आल्या.

उपचार पार पडला. काही आठवडे पातळ खायचं, ओझं उचलायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. नेमका त्यातच मोर्चा आला. ताई पथ्य मोडणार, अशी आमची सगळ्यांची खात्री. त्या आल्या, पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या आणि तोंडातून ब्र काढला नाही. एका पोलिसानं डिवचलं, "काय बाई, आज बॅटरी डाऊन?" ताईंनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की माझ्या तोंडून घोषणाच बाहेर पडली. आयुष्यातली पहिली. मागून सगळ्या बाया गरजल्या. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गप्प बसण्याइतकं अवघड काम त्यांनी जन्मात केलं नसेल.

उन्हाळ्यात आवाज परतला, पहिल्यासारखा खणखणीत. आणि त्याच उन्हाळ्यात वय झालं म्हणून ताईंचं काम सुटलं. निरोपाच्या दिवशी मला रडू आवरेना. त्यांच्याशिवाय अंगणवाडीची ती खोली मला नकोच वाटत होती. पर्यवेक्षिका मॅडम त्यांना शाल पांघरवत म्हणाल्या, "ताई, आता घरी बसा, आराम करा."

ताईंनी शाल खांद्यावरून मागे सारली. "आराम? काहून जी मॅडम? गळा आत्ताच त दुरुस्त करून आणला!"