ठुमकीची पाठ

घोडेस्वारीच्या शाळेत मास्तरांचा आवाज रिंगणाचं कुंपण ओलांडून रस्त्यापर्यंत जायचा. "पाठ! अहो पाठ! पोत्यासारखे काय बसलात?" वकील असो की दातांचा डॉक्टर, खोगिरावर चढला की मास्तरांपुढे सगळे सारखेच. तीस वर्षांत त्यांनी ओरडून ओरडून किती पाठी सरळ केल्या, त्याला गणती नाही. स्वतः बसायचे ते ओळंबा लावून पाहावं असे. म्हणजे नऊ वर्षांपूर्वीपर्यंत.

नऊ वर्षांपूर्वी एका उधळ्या घोड्यानं त्यांना कुंपणावर भिरकावलं. डावा खुबा मोडला. चौथ्या महिन्यात मास्तर पुन्हा घोड्यावर. "काही फरक नाही," असं भेटेल त्याला सांगायचे, आणि उलट विचारायची कुणाची छाती नव्हती.

ठुमकी त्यांची स्वतःची घोडी. तपकिरी, कपाळावर वाकडी पांढरी रेघ, आणि चालताना मागचा भाग असा उडवायची की नाव आपोआप पडलं. शिकाऊंना ती मिळायची नाही. शाळा उघडायच्या आधीचा एक तास मास्तर आणि ठुमकी, दोघंच. बायको म्हणायची, "माझ्याशी दिवसभरात बोलत नाहीत तेवढं त्या तासात तिच्याशी बोलतात." हे अगदीच खोटं नव्हतं.

तेराव्या वर्षी ठुमकी खोगीर पाहिलं की दात दाखवायला लागली. मग डावीकडे वळताना कां कूं. मग दुडक्या चालीत मध्येच पाठ कमानीसारखी वर घ्यायची. "मास्तर, ही उशिरा वयात आली," मोतद्दार म्हणाला. चौदा वर्षं तबेला सांभाळणारा माणूस, त्याला एवढी सूट होती. पण मास्तर हसले नाहीत. जनावरांच्या डॉक्टरनं हाडांचे फोटो काढले, त्यात काही निघालं नाही. "स्नायूंचं दुखणं दिसतंय," तो म्हणाला. "पाठीचं काम जाणणारं कुणीतरी गाठा. पण चौकशी करून. या धंद्यात कुणीही उठतं आणि हात फिरवतं."

मास्तरांनी नालबंदाला विचारलं. सगळ्या तबेल्यांत फिरणारा तो, त्यानं दोन माणसं सांगितली. एक बाई, पूर्वी इस्पितळात माणसांचे हातपाय चालते करायची, आता घोड्यांचंही काम करते. तिला सगळे पाठवाली म्हणत. आणि दुसरा कडकड्या. हे नाव का पडलं ते त्याचं काम ऐकलं की कळतं, नालबंद म्हणाला.

पाठवाली बसनं आली, खांद्याला कापडी पिशवी. घोडीला हात लावायच्या आधीच म्हणाली, "जरा बसून दाखवा."

"मी? दुखणं घोडीला आहे."

"पाचच मिनिटं."

मास्तर बसले. बाई बाजूला उभी न राहता घोडीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तशीच पाठून चालत राहिली. मग त्यांना उतरवून तिनं ठुमकीच्या पाठीवर हात फिरवला, डोळे मिटून, पीठ मळल्यासारखा. शेवटी रिकिबीच्या पट्ट्यांची भोकं मोजली.

"डावी रिकीब एक भोक वर आहे."

"चढताना सगळा भार डावीवर येतो. कातडं ताणतं. हे पहिल्या दिवशी शिकवतो आम्ही."

"मग पट्टे आलटून पालटून लावत असाल."

"दर महिन्याला, न चुकता," मोतद्दार मध्येच कौतुकानं बोलला.

"आणि तरी दर वेळी डावीच वर घ्यावी लागते?"

मोतद्दाराला एकदम पाण्याच्या बादलीची आठवण झाली.

"बूट काढून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवता?" बाईनं विचारलं.

मास्तरांनी बूट काढले नाहीत. बाईनं वाट पाहिली, मग सरळ सांगून टाकलं. "तुमची कंबर डावीकडे कलते. रोज तासभर, इतकी वर्षं. घोडीची पाठ त्यानं दुखतेय. मी तिला मोकळी करीन, पण तुमचं नीट होईपर्यंत तिच्यावर बसायचं नाही. सहा महिने तरी. दोघांवरही काम करावं लागेल."

"बाई, तुम्ही शाळेत जात होतात तेव्हापासून मी घोड्यावर बसतोय."

"म्हणूनच तुम्हाला कुणी सांगितलं नसणार."

मास्तरांनी तिला फाटकापर्यंत सोडलं, फार सभ्यपणे. तिनं पुन्हा येऊ नये, इतक्या सभ्यपणे.

कडकड्या मोठ्या गाडीतून आला. आल्या आल्या मास्तरांना म्हणाला, "काय बैठक आहे साहेब! हल्ली अशी बघायला मिळत नाही." मग ठुमकीचा मागचा पाय ओढला, मान वळवली, कुठूनतरी कड् असा आवाज काढला. ठुमकीनं मोठी जांभई दिली. "बघा, सुटलं!" कडकड्या म्हणाला, आणि मास्तरांनी मोतद्दाराकडे असं पाहिलं की जणू तो कड् आवाज त्यांनी स्वतःच काढला होता.

तीन दिवस घोडी झकास चालली. मग पुन्हा तेच. कडकड्या दर तिसऱ्या आठवड्याला येत राहिला, दीड वर्ष. तीन दिवसांचे दोन झाले, दोनाचा एक. मोतद्दार एकदा चाचरत म्हणाला, "मास्तर, त्या बाईंना एकदा पुन्हा..."

"तू शेण काढ."

मास्तरांना काहीच कळत नव्हतं, असं मात्र नाही. त्यांचा पाय रिकिबीत गेला की ठुमकी एक खोल श्वास घ्यायची आणि ते वर बसेपर्यंत धरून ठेवायची. मांड्यांना कळायचं ते. तीस वर्षं शिकाऊंना तेच तर शिकवत आले होते, की घोडं आधी श्वासातून बोलतं. रोज ते मनाशी म्हणायचे, हवेत गारठा आहे. पुढे उन्हाळा आला तेव्हा म्हणाले, वय झालं.

मग एका सकाळी त्यांनी रिकिबीत पाय घातला, भार टाकला, आणि ठुमकी खाली बसू लागली. लाथ नाही, उधळणं नाही. पाठ खचली, मागचे पाय दुमडले, आणि घशातून म्हाताऱ्या माणसासारखा आवाज आला. मास्तर पटकन उतरले. ती थरथरत पुन्हा उभी राहिली आणि सवयीनं त्यांच्या खिशाकडे तोंड नेलं.

त्या दिवशी मास्तर बूट न काढताच घरात बसून राहिले. बायको खिडकीशी शिवत होती. "ती पहिली बाई काय म्हणाली होती हो?" तिनं विचारलं. दीड वर्षात तिला त्यांनी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं, जरा चढ्या आवाजात. वाटलं, आपल्या बाजूनं चिडेल.

तिनं दातानं दोरा तोडला. "अहो, नऊ वर्षं तुमच्या पँटचा डावा पाय मी बोटभर जास्त दुमडून शिवते."

"आणि बोलली नाहीस?"

"कधी बोलणार? घरभर 'काही फरक नाही, काही फरक नाही' करत फिरत होतात. इस्पितळातून आल्यावर किती महिन्यांनी हसला होतात. म्हटलं जाऊ दे, पँट तर सारखी दिसते."

मास्तर दोन बस बदलून पाठवालीच्या घरी गेले. एका आजोबांचा गुडघा वाकवता वाकवता तिनं ऐकून घेतलं. टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं. बुधवारी आली.

या वेळी तिनं बसून दाखवा म्हटलं नाही. बराच वेळ डोळे मिटून ठुमकीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. ठुमकीनं मान खाली टाकली, खालचा ओठ सैल सोडला. बाईनं डोळे उघडले. "चरेल, हिंडेल, लोळेल. दुखणं बरंच कमी करता येईल. पण खोगीर आता नाही."

"कधीच?"

"नाही."

मास्तरांनी लगामाची कडी उगाच उघडली, लावली. "तेव्हा तुमचं ऐकलं असतं तर?"

मोतद्दारानं मास्तरांच्या पाठीमागून बाईला हातानं खुणावलं, सांगा काहीतरी गोड. बाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"तर अजून पाच-सहा वर्षं बसला असतात तिच्यावर."

मास्तरांनी मान हलवली. मग म्हणाले, "मला दाखवा. कुठं ते."

बाईनं त्यांचा हात धरून खोगिराच्या जागी, कण्याच्या डावीकडे ठेवला. तिथं मांस उरलं नव्हतं. मास्तरांचा अख्खा तळहात त्या खळग्यात मावला. बाईच्या हाताखाली पेंगत उभी असलेली ठुमकी त्यांचा हात लागताच शहारली. तिनं कान मागे पाडले आणि तो खोल श्वास घेऊन धरून ठेवला.

"हात काढू?" मास्तरांनी विचारलं.

"नको," बाई म्हणाली. "भार काढा फक्त."

मास्तरांनी हात हलका केला, अजून हलका केला, आणि घोडी श्वास सोडते का याची वाट पाहत उभे राहिले.