दोन खोल्यांमधलं दार

पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, घरफोड्या सगळं पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं विसरलोही. पण एका चोरीचा तपास अजून डोक्यातून जात नाही. तो मी नोकरीत असताना केलाच नव्हता. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, अमेरिकेत, एका हॉटेलच्या सातव्या मजल्यावर केला. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

साल २००६. मुलगी जर्सी सिटीत आयटीमध्ये होती, लग्नही तिथेच ठरलं. हॉल आणि पाहुण्यांच्या खोल्या एकाच हॉटेलात. हॉटेल भलंमोठं, पण नुकतंच एका दुसऱ्या साखळीने घेतलेलं. दारावर नवी पाटी, टॉवेलवर जुनं नाव, साबणावर तिसरंच काहीतरी! आमचं बुकिंग जुन्या नावाने आणि काउंटरवरचा कॉम्प्युटर नवा. "सर, तुमचं नाव सिस्टिममध्ये नाही." हे वाक्य मी तासभर ऐकलं. शेवटी मुलीने आवाज चढवला तेव्हा मला नि सौ.ला एक खोली मिळाली आणि शेजारची माझ्या मोठ्या बहिणीला, म्हणजे अक्काला. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक दार होतं.

किल्ली म्हणजे प्लास्टिकचं कार्ड, आणि ते दर दोन तासांनी बंद पडायचं. बंद पडलं की खाली जा, रांगेत उभे राहा. "सॉरी सर, वुई आर इन ट्रान्झिशन." अरे, ट्रान्झिशन तुमचं, गुडघे माझे!

लग्नाच्या आदल्या दिवशी अकरा वाजता आम्ही दोघं खाली हॉल बघायला गेलो. बाराला परत आलो. सौ.ने ड्रॉवर उघडला. माझ्या आईच्या पाटल्या, ज्या उद्या मुलीच्या हातात घालायच्या होत्या, त्या जागेवर नव्हत्या.

मुलगी आणि अक्का फुलं आणायला बाहेर गेल्या होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी पोरीला रडवायचं नाही, म्हणून फोन केला नाही. मी थेट मॅनेजरकडे गेलो. नवा कोट, छातीवर नवा बिल्ला. त्याने कुलपाची नोंद काढून दाखवली. अकरा ते बारा या वेळात दार एकाच कार्डाने उघडलं होतं, साफसफाई करणाऱ्या बाईच्या. झालं, माझ्या दृष्टीने केस तिथेच उकलली. मॅनेजर वर म्हणाला, "काळजी करू नका सर. नवी कंपनी आल्यापासून जुना स्टाफ तीन महिन्यांच्या चाचणीवर आहे. एक तक्रार पुरे, बाई घरी जाईल." हे ऐकून मला बरं वाटलं. लपवत नाही.

लाँड्रीशेजारच्या लहानशा ऑफिसात तिला बोलावलं. मॅनेजरला पोलीस बोलवायचे नव्हते आणि मला हौस होती. बाई पंचेचाळिशीची, स्पॅनिश बोलणारी, इंग्रजी माझ्यापेक्षाही तोडकं. माझी पद्धत ठरलेली. प्रश्न एकदाच विचारायचा आणि मग गप्प बसून बघत राहायचं. गुन्हेगाराला शांतता सोसत नाही, तो बडबडायला लागतो. ही बडबडली नाही. "अकरा वर्षं इथे काम करते," एवढं म्हणाली. मग हळूच, "ओल्ड लेडी. व्हाइट हेअर. बॉक्स." आणि हाताने दार उघडल्यासारखं केलं.

मी मनात म्हटलं, घ्या! दुसऱ्यावर ढकलायची जुनी युक्ती. असे छप्पन्न पाहिलेत.

खोलीत आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, टेबलावरच्या देवांपुढचं फूल खाली पडलं होतं. ते तिने पाण्याच्या ग्लासात घालून ठेवलंय. पाटल्या उचलणारी बाई फूल कशाला उचलेल?"

"तू तपासात पडू नकोस."

तिकडे मॅनेजरने बाईचा बिल्ला काढून घेतला आणि तिला घरी पाठवलं.

तीन वाजता अक्का आणि मुलगी हारांच्या पिशव्या घेऊन आल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता, मी सांगून टाकलं. अक्का शांतपणे चपला काढत म्हणाली, "जातील कुठे? मी ठेवल्यात."

"तू?"

"सुई-दोरा हवा होता म्हणून मधल्या दाराने आले. ती बाई केर काढत होती. ड्रॉवर उघडला तर पाटल्या समोरच! तूच ना रे गावभर सांगत फिरायचास, चोर आधी कपाट बघतो, फराळाच्या डब्यात कुणी हात घालत नाही? घातल्या अनारशांच्या डब्यात."

हे व्याख्यान मी वीस वर्षं महिला मंडळांतून दिलं होतं. टाळ्याही घेतल्या होत्या.

डबा तोवर मुलीच्या मैत्रिणींनी खाली रुखवतात नेऊन मांडला होता. पन्नास माणसांच्या देखत मी अनारशांत हात घातला. पाटल्या तिसऱ्या थराखाली होत्या.

म्हातारी बाई, पांढरे केस, डबा, दार. त्या बाईने सगळं सांगितलं होतं. मधल्या दाराला साधी कडी होती, त्याची नोंद कुठल्या कॉम्प्युटरमध्ये होणार? घटनास्थळी गेल्यावर आधी दारं मोजा, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. स्वतः मात्र एकच मोजलं. लाज वाटली, फार वाटली.

मॅनेजरला म्हटलं, तक्रार मागे घेतो, बाईला परत बोलवा. तो म्हणाला, "तक्रार सिस्टिममध्ये गेली सर. आता निघत नाही." माझं नाव आत जायला तास लागला आणि हे एका मिनिटात गेलं! मी काउंटरसमोरची खुर्ची ओढली. कागदावर माझ्या हुद्द्यासकट लिहून दिलं की तक्रार खोटी आहे आणि चूक पूर्णपणे माझी. आणि सांगितलं, ती येईपर्यंत उठणार नाही.

मुलगी कानाशी आली. "बाबा, प्लीज, सगळे बघतायत."

"बघू देत."

पाच वाजता त्याने कुठेतरी वर फोन लावला. बाई कामावर राहिली.

लग्न छान झालं. निघायच्या दिवशी तीच आमच्या खोलीवर आली. मुलीकडून पाठ करून घेतलेली इंग्रजी माफी मी म्हणून दाखवली. ती म्हणाली, "ओके, सर." सौ.ने अनारसे दिले, ते तिने ढकलगाडीवर ठेवले. खोली आवरली. आरोप मागे घेतला की फाइल बंद होते, असं मी नोकरीभर समजत आलो होतो.

जाताना ती दारात थांबली. माझ्याकडे न बघता तिने एप्रनचे दोन्ही खिसे बाहेर उलटे काढले आणि तशीच उभी राहिली. मी "ओके" म्हटल्यावरच हलली.