तळ्यातली विहीर

अक्का जाऊन आता वर्ष होत आलं. ती माझी थोरली बहीण. भेटायला येणारी माणसं तिच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलतात. मला मात्र तिचा एक प्रश्न आठवत राहतो. विहीर तळ्यात बुडाली, तर ती विहीरच राहते का?

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं होती. मी हैदराबादेत उर्दूतून शिकत होतो आणि सुट्टीला गावी आलो होतो. आमचं गाव अणदूरपासून पायी जाण्याच्या अंतरावर. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, कापडाचं दुकान होतं आणि गावाबाहेर टेकडीखाली थोडी शेती होती. मी लहान असताना सरकारनं तिथं तलाव बांधला. आमचं अर्धं रान पाण्याखाली गेलं आणि त्याबरोबर आजोबांनी खणलेली विहीरही गेली. अक्का त्याच विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकली होती. पाणी चढलं तेव्हा ती सासरी होती. त्यामुळे विहीर बुडताना तिनं पाहिली नव्हती आणि बुडाली यावर तिचा पुरता विश्वासही नव्हता.

त्या वर्षी ती येळवसेला माहेरी आली. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडे त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे रानात जेवायला जातात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी करायची, आत दगडांचे पांडव मांडायचे, आंबील शिंपडत पिकाभोवती फिरायचं. फिरताना जे शब्द ओरडतात ते कानडी आहेत म्हणतात. आमच्या घरात कानडी येत होतं, तरी त्यांचा अर्थ कोणालाच सांगता येत नसे. मी दरवर्षी विचारायचो आणि दरवर्षी हसं करून घ्यायचो.

दिवस धामधुमीचे होते, लुटालुटीची भीती होती. निघण्याआधी अव्वानं, आमच्या आईनं, सगळ्यांच्या अंगावरची चांदी उतरवून जमिनीतल्या धान्याच्या पेवात दडवली. आम्ही लिंगायत. लिंग गळ्यातच असतं आणि त्याची पूजा केल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. अक्काचं लिंग चांदीच्या डबीत होतं. डबी पेवात गेली. अव्वानं दुकानातल्या कोऱ्या मांजरपाटाची पट्टी टरकावली, लिंग तिच्यात गुंडाळलं आणि अक्काच्या गळ्यात बांधलं. कापडाला गच्च खळ होती. गाठ कशी लाकडासारखी बसली.

येळवस झाली. भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील खाऊन मंडळी गावाकडे परतली. अप्पा, अव्वा, अक्का आणि मी, आम्ही चौघं खोपीतच मुक्कामाला राहिलो, कारण अक्कानं हट्ट धरला होता.

सकाळी ती मला टेकडीवर घेऊन गेली. वाट सीताफळींच्या झुडपांतून होती, दहिवरानं पाय भिजत होते. वर पोचल्यावर अख्खा तलाव दिसला. अक्का कपाळावर हात धरून बघत राहिली आणि म्हणाली, "इहीर तळ्यात बुडाली, तर ती इहीरच ऱ्हाती का रे?" मग तिनं बोट दाखवलं.

"ती बघ, ती लिंबाची रांग. तिच्या नाकासमोर विहीर होती."

"पाणी आहे तिथं."

"हैदराबादेत हेच शिकिवतेत का? पाणी हाय ते मलाबी दिसतंय. रंग बघ की."

खरंच, त्या जागी पाण्यावर एक गोल काळसर डाग होता. ढगाची सावली म्हणावी तर आभाळ निरभ्र. मला पुस्तकात वाचलेलं बरंच काही आठवलं, पण त्यातलं एकही इथं लागू पडेना. आम्ही जवळजवळ पळतच खाली आलो.

काठावर एका भोयाची सांगड होती. सुकलेले मोठे भोपळे एकत्र बांधून वर काठ्या आवळलेल्या. तो मासे धरायला ती वापरत असे. अक्कानं मागितली तेव्हा तो हसला.

"न्या की. पर अक्का, मासं इचारतील, ही कोन सासुरवाशीण आली म्हनून."

"त्यांना सांगा, माहेरची हाय. हितंच शिकले."

आम्ही सांगडीवर बसलो. मी काठीनं ढकलत होतो, तळ लागेनासा झाल्यावर हातानं वल्हवत होतो. अक्का लिंबाच्या रांगेवर नजर ठेवून मला डावं-उजवं सांगत होती. एका जागी तिनं खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि ओरडली, "गार! अरे, हितलं पाणी येगळंच गार हाय! हात घाल!"

मी हात घातला. मला फरक जाणवला की तिच्या सांगण्यामुळे जाणवल्यासारखा वाटला, हे आजही ठरवता येत नाही. ती आणखी वाकली. छाती पाण्याला टेकली, गळ्यातली पट्टी भिजली. खळ भिजली की बुळबुळीत होते. कापडाच्या दुकानात जन्म गेलेल्या माणसांना हे ठाऊक असायला हवं होतं. गाठ आवाज न करता सुटली. पांढरी पट्टी पाण्यात वळवळताना मला दिसली आणि लिंगाच्या वजनानं खाली गेली.

अक्कानं गळ्याला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं.

काठावर येऊन सांगितलं तेव्हा अव्वानं कपाळावर हात मारून घेतला. "ग माझ्या करमा! मीच बांधलं गं, मीच!" पूर्वी लिंग हरवलं तर माणूस जीव ठेवत नसे, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. आता तसं कोणी करत नव्हतं. पण नवं लिंग मठातल्या स्वामींच्या हातूनच घ्यावं लागे, आणि स्वामी गुलबर्ग्याकडे गेलेले. कधी येतील सांगता येत नव्हतं. तोवर अक्काच्या तोंडात अन्नाचा कण जाणार नव्हता, पाण्याचा घोटही नाही. अप्पा या बाबतीत कोणाचं ऐकणारे नव्हते, आणि अक्का तर त्यांचीच मुलगी.

"विहिरीत गेलं असंल तर गेलंच," अप्पा म्हणाले. "सात परस खोल होती, सात माणसं एकावर एक उभी बुडतील येवढी."

"काठावर पडलं असंल तर?" अक्का म्हणाली. "वरती दोन परसच पाणी असंल. मी बघते."

"तू? लगीन झालेली बाई तू."

"मग तुमी बघता का, अप्पा?"

अप्पांना पोहता येत नव्हतं. ते तलावाकडे पाठ करून बांधावर बसले. "मी बघत न्हाय. तू जा संगट," मला म्हणाले, "आणि मला सांग."

अक्कानं कासोटा मारला. पुन्हा त्या जागी गेल्यावर एक दगड पोटाशी धरला आणि उतरली. मी सांगडीवर ओणवा होऊन बुडबुडे बघत राहिलो. ती वर आली, दम घेतला, परत गेली. बांधावरून अप्पांचा आवाज येई, "आली का वर?" मी ओरडे, "आली!" लगेच पुढचा प्रश्न, "घावलं का?" तिचे ओठ निळे पडत चालले होते. मी म्हणालो, "पुरे कर." ती म्हणाली, "तुला भूक न्हाय लागली, म्हनून म्हनतूस."

आणखी एकदा खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही. मग पाणी हललं आणि आधी तिची मूठ वर आली. मुठीतून चिखलानं माखलेली पट्टी लोंबत होती.

"अप्पा, घावलं!" मी ओरडलो. बांधावरची पाठ तशीच राहिली, फक्त दोन्ही हात जोडून वर गेले.

अक्का सांगडीला लटकून धापा टाकत होती. "इहीर न्हाय रे राहिली," ती म्हणाली. "काठाचा दगड लागला पायाला. आत पाय घातला तर आतबी गाळच. बुजून गेली सगळी. त्या गाळातच हे बसलं हुतं."

विहीर मोकळी असती तर लिंग मिळालं नसतं, हे आम्हाला दोघांनाही एकाच वेळी कळलं असावं. ती थोडी हसली. मग म्हणाली, "पर झरा हाय. गाळातनं गार पाणी वर येतंय. पावलाला लागलं."

खोपीत जाऊन तिनं कोरडं लुगडं नेसलं. डाव्या तळहातावर लिंग घेऊन, डोळे मिटून पूजा केली. तशी सावकाश पूजा मी तिला कधी करताना पाहिली नव्हती. अव्वा दारात भाकरी घेऊन उभी होती.

मग अक्का जेवायला बसली. कालची आंबील आंबट झाली होती, ती तिनं भांड्याला तोंड लावूनच पिऊन टाकली आणि परत पुढं केलं. अप्पा तिच्यासमोर बसले. सकाळपासून त्यांनीही काही खाल्लं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. भाकरीचा तुकडा हातात धरून ते तसेच थांबले होते. मला वाटलं, आता रागावणार.

"पायऱ्या लागल्या का गं?" त्यांनी हळूच विचारलं. "उगवतीकडच्या. आमच्या अप्पांनी, तुझ्या आज्यानं, बसविल्याल्या."

अक्काचं तोंड भरलेलं होतं. तिनं दोन बोटं वर केली, घास गिळला आणि त्या कुठं, कशा लागल्या ते सांगू लागली. अप्पा जेवता जेवता ऐकत होते.